पाण्यावरची अरे-तुरे

७ ऑगस्ट, सोमवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुबातराव, तुमच्या काळज्या आठवड्यातून दोनदा माझ्याकडे आणण्यापेक्षा एका वहीत लिहीत जा. वहीला घाई नसते." म्हणून ही वही. मी आठवीपर्यंत शिकलो, मग एकोणचाळीस वर्षं साखर कारखान्यात बॉयलरवर काढली. शुद्धलेखन चुकेल. आमच्या चेक भाषेत 'इ' दोन आहेत, एक मऊ आणि एक कडक, आणि आजवर मी नेमकी नको ती निवडत आलो आहे.

आज काळजी अशी आहे की स्वयंपाकघरातल्या दोन्ही खिडक्या यित्कानं एकाच वेळी उघड्या ठेवल्या. मधून वाऱ्याचा झोत येतो. माझे मामा असल्याच झोतानं गेले. यित्का म्हणते, मामा ब्याण्णव वर्षांचे होते. ती माझी मुलगी आहे. तिचं उत्तर नेहमी तयार असतं.

दुसरी काळजी आहे, पण ती वहीत लिहायची की नाही ते उद्या ठरवीन.

९ ऑगस्ट, बुधवार

लिहितो.

यित्का जेवताना म्हणाली, "बाबा, वेंदाकाकांची बोट झाली म्हणे. या महिनाअखेर पाण्यात सोडणार."

मी डंपलिंग कापत होतो, कापतच राहिलो. म्हणालो, "श्रामेकराव काय करतात याच्याशी मला काही देणंघेणं नाही."

वेंदेलिन श्रामेक समोरच्या घरात राहतो. पोस्टमन होता. पहिलीपासून आमची अरे-तुरे. तो माझ्यापेक्षा अकरा दिवसांनी मोठा. सहा वर्षांपूर्वी त्यानं कोठारात बोट बांधायला घेतली. पंच्याहत्तरी जवळ आलेल्या, गुडघे गेलेल्या माणसानं! एका शुक्रवारी बिअरखान्यात, अकरा माणसांसमोर, मी म्हणालो, "वेंदा, ती बोट नाही, डुकरांना खाऊ घालायची डोणी आहे. तू बुडशील आणि तुझी शवपेटी मला उचलावी लागेल, माझी पाठ आधीच दुखते." मी त्याच्या भल्यासाठीच म्हणालो. लोक फार हसले. वेंदा उठला, कोटाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाला, "कुबातराव, आजपासून आपली अहो-जाहो."

आमच्याकडे मारामारी झालेली लोक विसरतात. दिलेली अरे-तुरे परत घेतली तर ते विसरायचं नसतं. आणि ती पुन्हा द्यायचा अधिकार वयानं मोठ्याचा. मी अकरा दिवसांनी लहान. म्हणजे मी काही करू शकत नाही. सहा वर्षं रोज सकाळी आम्ही कुंपणावरून एकमेकांना "सुप्रभात" म्हणतो, सरकारी कचेरीत म्हणावं तसं.

१० ऑगस्ट

आज धरणावर गेलो. यित्काला सांगितलं, पाय मोकळे करायला जातो.

आमची लाबे नदी तिथं बंधाऱ्यानं अडवली आहे, आणि कडेला नावांसाठी एक लांबट कोठी आहे, दोन्ही टोकांना लोखंडी दारं. वरची नाव कोठीत येते, मागचं दार बंद होतं, कोठीतलं पाणी सोडतात, नाव दोन माणसांच्या उंचीइतकी खाली जाते, मग खालचं दार उघडतं. भिंतीवर कठडा आणि तीन बाकं आहेत. सुट्टीवरचे लोक आइस्क्रीम खात बघतात आणि पोरांना खांद्यावर घेतात. मी पोहता न येणाऱ्या माणसाच्या नजरेनं बघितलं.

वेंदाची बोट नदीनं खाली जायची तर इथूनच जाणार, आणि त्यालाही पोहता येत नाही. हे जगात फक्त मला माहीत आहे.

१४ ऑगस्ट

पाचवा दिवस. बाक ठरलेलं आहे: दार चालवणाऱ्या बाईंच्या खोलीच्या आडोशाला, तिथं झोत लागत नाही. त्यांचं नाव ब्लाझेना. शब्दकोडं सोडवता सोडवता त्या बटणं दाबतात, याचीही मला काळजी वाटते.

आज त्या खिडकीतून म्हणाल्या, "काका, तुम्हाला बोटी आवडतात की माझ्या खोलीची सावली?"

मी म्हटलं, "बाई, या कोठीत माणूस कशानं बुडू शकतो?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "तुम्ही पोलीस आहात का?"

"बॉयलरवर होतो."

मग त्यांनी सगळं सांगितलं. खाली जाताना मोठी चूक एकच: दोर भिंतीच्या खुंटीला पक्का बांधणं. पाणी खाली जातं, बोट दोराला लटकते, माणसं सांडतात. दोर खुंटीभोवती फिरवून टोक हातात धरायचं आणि सोडत जायचं. मी खिशातल्या कागदावर लिहून घेतलं. दोन पानं झाली.

"कुणासाठी एवढं?" त्यांनी विचारलं.

"कुणासाठी नाही. सर्वसाधारण माहिती."

"असं होय," त्या म्हणाल्या आणि पुन्हा कोड्याकडे वळल्या. बाई जरा आगाऊ आहेत.

१६ ऑगस्ट

आज कोठीत नऊ लहान होड्या एकदम आल्या, वल्ही मारणारे सगळे ब्रनो शहरातले दंतवैद्य. भिंतीजवळच्या मालवाहू नावेवरचा एक तेलकट मेकॅनिक ओरडला, "अहोय! ए टकल्या, तुझी होडी जरा पुढे घे!" टकला तर मोठ्या इस्पितळाचा प्रमुख निघाला. तो म्हणाला, "अहोय! घेतो रे, धक्का नको मारूस!"

मी ब्लाझेनाबाईंना म्हटलं, "हे काय बोलणं झालं?"

"काका, तुम्ही नदीकाठी जन्मलात ना? पाण्यावर सगळे 'अहोय' आणि सगळे अरे-तुरे. न्यायाधीश असो नाहीतर गवंडी. पाण्यावर कोण साहेब?"

हे मला ठाऊक होतं. समुद्र नसलेला आपला देश, आणि सगळे एकमेकांना खलाशांसारखे 'अहोय' म्हणत फिरतात. पण मी कधी पाण्यावर गेलोच नाही, त्यामुळे या नियमाशी माझा कधी संबंध आला नव्हता.

२१ ऑगस्ट

मी पत्र लिहिलं. निनावी. डाव्या हातानं, सगळी मोठी अक्षरं. "श्री. श्रामेक, एक हितचिंतक कळवतो की कोठीत उतरताना दोर कधीही पक्का बांधू नये." पुढे सगळं, खुंटीसकट. तरंगतं जाकीट घालावं हेही. टपाल कार्यालयापर्यंत जाऊन पेटीत टाकलं, समोरच्या घराच्या पेटीत नाही. कुणी बघायला नको.

आज झोप छान लागेल असं वाटतं.

२४ ऑगस्ट

पत्र परत आलं. माझ्या पेटीत. लाल पेन्सिलीनं चौदा चुका सुधारलेल्या, बहुतेक सगळ्या मऊ आणि कडक 'इ'च्या. खाली लिहिलंय: "पाठवणाऱ्याकडे परत." आणि सही नाही.

चाळीस वर्षं या गावातल्या प्रत्येकाचं अक्षर ज्यानं हातात धरलं, त्या पोस्टमनला मी निनावी पत्र पाठवलं. यित्का इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली.

"बाबा, निदान त्यांनी वाचलं तरी!"

"चुका शोधायला वाचलं."

"चौदा चुका शोधायला पत्र तीनदा वाचावं लागतं," ती म्हणाली.

तिला कळत नाही. हा अपमान आहे. पत्र मी जपून ठेवलं आहे, पुरावा म्हणून.

३० ऑगस्ट

काल त्यानं बोट पाण्यात सोडली, वरच्या घाटावर. मी गेलो नाही. पण गिरणीजवळच्या पुलावरून घाट दिसतो आणि मी नेमका तिथं होतो. बोट हिरवी आहे. पुढच्या टोकावर पांढऱ्या रंगात नाव: 'डोणी'.

म्हणजे सगळ्या नदीवर, जिथं जिथं जाईल तिथं, तो माझं ते बोलणं मिरवत नेणार.

संध्याकाळी यित्का म्हणाली, "अक्षरांना सावलीसुद्धा काढलीय, बाबा. रागावलेला माणूस एवढं कोरीव काम करत नाही."

"तू त्याला ओळखत नाहीस," मी म्हणालो. मग वाटलं, सहा वर्षांत मी तरी कुठं ओळखतो? पाऊस पडून गेलाय, जंगलात अळंबी उगवली असतील, सगळं गाव टोपल्या घेऊन गेलंय. पन्नास शरद ऋतू आम्ही दोघं जात होतो. तो वास घ्यायचा, मी विषारी कोणती ते सांगायचो. आता मी एकटा जात नाही. एकट्या माणसाचा पाय मुरगळला तर?

आणि आणखी एक लिहितो, कारण वहीला घाई नसते. मला घरच्या नावानं, लोयझा म्हणणारी माणसं आई, बायको, भाऊ आणि वेंदा. तिघं गेली. आता मला लोयझा म्हणू शकणारा जगात एकच उरला आहे, आणि तो मला कुबातराव म्हणतो.

२ सप्टेंबर, शनिवार

आज तो कोठीतून गेला.

सकाळी सातपासून बसलो होतो. ब्लाझेनाबाईंनी कॉफी दिली, मी घेतली नाही, हृदय आधीच धावत होतं. दहाला हिरवी बोट आली, तिच्याबरोबर वल्ह्यांच्या चार-पाच होड्या. वेंदा ताठ उभा, तरंगतं जाकीट घातलेलं. दोर त्यानं खुंटीभोवती फिरवला आणि टोक हातात धरलं. पक्का बांधला नाही! पाणी उतरू लागलं, तो इंच-इंच दोर सोडत गेला, अगदी दुसऱ्या पानावर मी लिहिलं होतं तसा. मी कठडा इतका घट्ट धरला होता की हाताला गंज लागला.

होड्यांतले लोक त्याला म्हणाले, "अहोय, आजोबा! बोटीचं नाव झकास!"

"अहोय! तुझ्या होडीचं नाव काय रे? भोपळा?" तो म्हणाला. सगळे हसले. अनोळखी माणसांशी अरे-तुरे, आणि चेहरा पंचविशीतला.

मग त्यानं वर पाहिलं. मी दिसलो. तो थांबला. टोपी काढली. "शुभ दिवस, कुबातराव."

"शुभ दिवस, श्रामेकराव," मी म्हणालो.

दार उघडलं, तो गेला. मी ब्लाझेनाबाईंना म्हटलं, "नदीचा नियम काय उपयोगाचा? त्या सगळ्यांना अहोय, मला शुभ दिवस!"

त्या खिडकीतून वाकल्या. "काका, तुम्ही कुठं उभे आहात?"

"भिंतीवर."

"भिंत म्हणजे जमीन. नियम पाण्याचा आहे." आणि मग जरा वेळानं, कोड्याकडे बघत, म्हणाल्या, "ते उद्या दुपारी तीनच्या सुमारास परत येणार आहेत. मला स्वतःहून दोनदा सांगून गेले. मी एकदाही विचारलं नव्हतं."

हे त्यांनी मला का सांगितलं ते कळलं नाही.

३ सप्टेंबर, रविवार, सकाळी

रात्रभर विचार केला. यित्काला नाश्त्याच्या वेळी सांगितलं, "मला पाण्यावर जायचंय."

तिनं ब्रेडवर लोणी लावणं थांबवलं. "तुम्हाला? टबात पाय घालायला तुम्ही कठडा धरता."

"तुला वल्हवता येतं. खालच्या घाटावर होड्या भाड्यानं मिळतात."

तिनं उठून माझ्या कपाळाला हात लावला. "ताप नाही," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, बहुधा कांद्यामुळे, पण टेबलावर कांदा नव्हता.

त्याच दिवशी, संध्याकाळी

लिहितो.

होडी प्लास्टिकची, लाल. भाड्याच्या माणसानं मला जाकीट दिलं, मी आत बसलो आणि काठावरची झाडांची मुळं, बेडूक, यित्काची पाठ, जे दिसेल त्याकडे बघत राहिलो. पाण्याकडे नाही. खालच्या दारासमोर हिरवा दिवा लागला. यित्कानं होडी कोठीत नेली. बापरे. भिंती दोन्हीकडून वर गेलेल्या, ओल्या, शेवाळाच्या, विहिरीत बसल्यासारखं. यित्कानं भिंतीतली लोखंडी पायरी धरली.

भोंग्यातून ब्लाझेनाबाईंचा आवाज आला, "लाल होडी, जरा थांबा. मागून आणखी एक येतेय. दोघांना एकदमच वर घेते, पाणी वाचतं."

'डोणी' आत आली. सरळ आमच्या शेजारी. माझ्यात आणि त्याच्यात एका वल्ह्याचं अंतर. मागचं दार बंद झालं. वेंदानं मला पाहिलं. त्याच्या हातात दोर होता, तो तसाच राहिला.

मी वाट पाहू लागलो. वयानं मोठा असेल त्यानं आधी बोलायचं असतं. अकरा दिवस. पाणी आमच्याखाली वर यायला लागलं, होडी डुलली, मी दोन्ही कडा धरल्या, आणि तेव्हा मला तो टकला दंतवैद्य आठवला. त्या मेकॅनिकनं त्याला विचारलं होतं का, तुमची जन्मतारीख काय? पाण्यावर मोठा कोण आणि लहान कोण? कुणीच नाही! म्हणजे मी म्हणू शकतो. सहा वर्षं मी जमिनीवर उभं राहून पाण्याचं दार शोधत होतो.

"अहोय, वेंदा," मी म्हणालो. आवाज कोंबडीच्या पिलासारखा निघाला.

भिंतींवरून तो परत ऐकू आला. यित्का वल्ह्याकडे बघत होती.

वेंदानं दोर एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"अहोय, लोयझा," तो म्हणाला. "जाकीट उलटं घातलंयस."

खरंच उलटं होतं.

"मला भाड्याच्या माणसानं असंच दिलं."

"त्यानं जाकीट दिलं. घातलंस तू."

आम्ही वर येत राहिलो. मला ते सांगायचं होतं, म्हणून सांगितलं, "ती डोणी नाहीये, वेंदा. चांगली बोट आहे. मी मूर्खासारखं बोललो. तू बुडशील म्हणून मला भीती वाटत होती."

"डोणीच आहे," तो म्हणाला. त्यानं पायाशी बघितलं, एक पातेलं उचललं आणि तळातलं पाणी बाहेर ओतलं. "डावीकडून गळतंय. तुझ्या चिठ्ठीत याचं काही नव्हतं."

"कुठून डावीकडून? बघू. पातेलं लहान आहे तुझं. मोठं का नाही आणलंस?"

"सुरू झाला," तो यित्काला म्हणाला. आणि मग मला दिसलं की तो हसतोय, दात न दाखवता, पत्रं वाटताना हसायचा तसा.

वरच्या खिडकीत ब्लाझेनाबाई उभ्या होत्या, पेन्सिल कानावर, नाक पुसत. झोतात उभं राहिल्यावर दुसरं काय होणार.

वरचं दार उघडलं, घाट आला. घाटावर यित्कानं मला ओढून बाहेर काढलं. वेंदा बोट बांधत होता, बांधून तो निघून गेला, फक्त हात वर केला. बोलला काहीच नाही.

आता खरी काळजी. ते सगळं पाण्यावर झालं. जमिनीवर काय?

४ सप्टेंबर, सोमवार

पहाटेच उठून बसलो. सात वाजता कुंपणाशी गेलो नाही. तो कुंपणाशी येऊन 'सुप्रभात, कुबातराव' म्हणाला असता तर मग सगळं संपलंच, म्हणून मी रोल आणायला बेकरीकडे निघालो, मागच्या गल्लीनं.

बेकरीत आठ माणसं रांगेत होती. त्यांतले चार तरी त्या शुक्रवारी बिअरखान्यात होते. मी दाराशी उभा राहिलो. मग दार उघडलं आणि वेंदाच आत आला. सगळ्यांनी आमच्याकडे पाहिलं. गावाला हे रोज सकाळी बघायची सवय आहे, जसं हवामान बघतात.

मी टोपीला हात लावला. काय म्हणायचं ते माझ्या तोंडात अर्धवट तयार होतं, दोन्ही प्रकारचं.

"लोयझा," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "सरक ना जरा. दार अडवून उभा आहेस."

मी सरकलो. बेकरीवाली बाई चिमटा हातात धरून थांबली होती. माझी पाळी आली. रोज आम्हाला चार रोल लागतात. मी वीस मागितले.

"एवढे कुणाला?" वेंदा म्हणाला.

"तुला," मी म्हणालो.

बेकरीतून आम्ही थेट घाटावर गेलो, बोटीची डावी बाजू बघायला. तीन फळ्यांच्या सांध्यात डांबर नीट बसलेलंच नाही, माझी करंगळी जाते. मी ते त्याला दाखवलं. खालून दाखवलं, वरून दाखवलं. कोणत्या सांध्यात कधी आणि किती पाणी शिरेल ते सांगितलं.

"गप बस," वेंदा म्हणाला, "आणि तो ब्रश दे."

मी दिला. सहा वर्षांत मला कुणी गप बस म्हटलं नव्हतं.